अतिमुक्त कुमाराचं इंद्रस्थान



पर्युषणाच्या आठ दिवसांत अंतगड सूत्राचं वाचन होतं आणि त्यात अतिमुक्त कुमाराची कथा आपण सगळ्याच ऐकतो. पोलासपूरचा राजा विजय, राणी श्रीदेवी आणि त्यांचा लहानगा मुलगा. गौतम स्वामी गोचरीसाठी नगरात फिरत असतात. हा मुलगा त्यांना बघतो, जवळ जाऊन "तुम्ही कोण, कशासाठी फिरता" असं विचारतो आणि त्यांचं बोट धरून त्यांना आपल्या घरी घेऊन जातो. एवढ्या मोठ्या गणधरांचं बोट एका पोराने धरलं, हे ऐकताना स्थानकात प्रत्येकीच्या चेहऱ्यावर हसू येतं.

या कथेतली एक गोष्ट मात्र आपल्या कानावरून निसटते. गौतम स्वामी दिसले तेव्हा हा मुलगा राजवाड्यात नव्हता, इंद्रस्थानावर खेळत होता. आगमातलं इंद्रस्थान म्हणजे नगरातली मुलं जमायची ती खेळण्याची मोकळी जागा. त्याच्याबरोबर कोण कोण होतं, हेही सूत्रात सांगितलंय. मुलगे होते, मुली होत्या, अगदी दुडदुडणारी लहान बाळंही होती, मुलगे आणि मुली दोन्ही. राजाचा मुलगा त्या सगळ्यांत खेळत होता. म्हणजे आपल्या आगमात एक सार्वजनिक मैदान आहे, तिथे सगळ्या वयाची मुलं-मुली आहेत, आणि एका जीवाच्या मोक्षमार्गाची सुरुवात तिथूनच झाली.

आज आपल्या छत्रपती संभाजीनगरात असं इंद्रस्थान कुठे आहे? दीड वर्षाचं बाळ, आठ वर्षांची मुलगी आणि व्हीलचेअरवरचा मुलगा जिथे एकाच वेळी खेळू शकतील, अशी जागा? याचं उत्तर शोधायचं तर खेळाच्या मैदानाचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. त्या इतिहासात बायकांचा वाटा मोठा आहे, म्हणून तो आपल्याला माहीत असलेला बरा.

बागांचं शहर, पण कोणाच्या बागा?

आपलं शहर बागांसाठी आणि पाण्यासाठी प्रसिद्ध होतं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणलं. त्या पाण्यावर बागा फुलल्या. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली बाळंतपणानंतर महिनाभरातच वारली. तिच्या स्मरणार्थ बांधलेल्या बीबी का मकबऱ्याभोवती चार भागांत आखलेली मोठी बाग आहे. हिमायत बागही मोगल काळातली. आज तिथे फळांचं संशोधन केंद्र आहे.

या बागा सुंदर होत्या, पण मुलांसाठी केलेल्या नव्हत्या. कारंजी, पाट आणि सरळ रेषेतली झाडं बघायची, त्यांच्यामधून चालायचं आणि बसायचं. मुलांचं मैदान म्हणजे गल्ली, वाड्याचा चौक, देवळाचा पार आणि नदीकाठ. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या हे खेळ तिथेच चालायचे. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि पैसाही लागत नव्हता.

गल्ली सगळ्यांची होती, असं मात्र म्हणता येणार नाही. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचा खेळ बाहेरून आत यायचा. मग ओसरीवर बसून सागरगोटे, घरातल्या घरात ठिकरी. आपल्या मारवाडी घरांत तर ओढणी डोक्यावर आली की गल्ली संपलीच. वर्षातून एकदा, तीज किंवा नागपंचमीला, झाडाला झोका बांधला जायचा आणि त्या दिवशी सुनासुद्धा उंच झोके घ्यायच्या. त्यांना मिळणारं मैदान तेवढंच, एका दिवसापुरतं. जात वेगळी असली तर गल्लीही वेगळी असायची. आणि ज्या मुलाला चालता येत नसे त्याला उंबऱ्याशी बसवून ठेवलं जायचं. तो बघायचा, बाकीचे खेळायचे.

वाळूच्या ढिगापासून सुरुवात

मुलांसाठी मुद्दाम राखलेली सार्वजनिक जागा ही कल्पना जगातही फार जुनी नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. पुढे बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले जाऊ लागले. मारी झाक्र्झेवस्का नावाच्या डॉक्टर बाईंनी ते पाहिले आणि अमेरिकेतल्या बोस्टन शहरात आपल्या ओळखीच्या बायकांना कळवलं. १८८५ साली बोस्टनच्या गरीब वस्तीत, एका प्रार्थनागृहाच्या आवारात, वाळूचा ढीग टाकला गेला. तिथल्या दाट वस्तीतली, बाहेरदेशांतून आलेल्या मजुरांची पोरं तिथे खेळू लागली. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात याच वाळूच्या ढिगापासून मोजतात.

ही जागा सगळ्यात आधी सगळ्यात लहान मुलांसाठी होती. वाळूला वयाची अट नसते. दीड वर्षाचं बाळ ती मुठीतून सोडत बसतं, सहा वर्षांचं मूल किल्ला करतं. ज्याला उभं राहता येत नाही तेही वाळूत बसून खेळू शकतं. धार्मिक आवार, बायकांचा पुढाकार, आणि कुणालाही जमेल असा खेळ, या तीन गोष्टींवर ते पहिलं मैदान उभं राहिलं.

नंतर मैदानात लोखंड आलं. उंच झोपाळे, उंच घसरगुंड्या, १९२३ साली पेटंट घेतलेलं जंगल जिम. ही साधनं छान होती, पण ती धडधाकट आणि पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांची होती. लहान बाळं आणि अपंग मुलं हळूहळू कडेला सरकली. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक या वास्तुकाराने पुन्हा साधेपणाकडे वळून पाहिलं. १९४७ पासून त्याने घरांच्या मधले पडीक तुकडे, चौकांचे कोपरे घेतले. तिथे रुंद, बसक्या कठड्याचा वाळूचा हौद, काही बुटके दगड आणि साधे लोखंडी पाईप बसवले. आईला कठड्यावर बसता येई आणि मूल कठड्याला धरून उभं राहायला शिके. अशी सातशेहून अधिक मैदानं त्या एका शहरात झाली. मोठी जागा नाही म्हणून मैदान नाही, ही सबब तेव्हाच निकालात निघाली.

अंगणाचं शहाणपण

आपल्या महाराष्ट्रात याच काळात दोन बायकांनी लहान मुलांच्या खेळाचा विचार पार मुळापासून केला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये त्या डहाणू भागातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं.

बोर्डीला बालवाडी काढली, पण ज्या गरीब वस्तीसाठी काढली तिथली मुलं येईनात. दुसरं कुणी असतं तर "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही" असं म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी उलट केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. वस्तीतलंच एखादं अंगण झाडूनपुसून घ्यायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, आणि शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच खेळणी. अंगणवाडी या शब्दातलं अंगण तिथलं आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज कुठल्याही राज्यात अंगणवाडी म्हटलं की कळतं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुढे अनुताईंना पद्मश्री.

आज ज्याला सर्वसमावेशक म्हणतात, त्याचा गाभा ताराबाईंनी अंगणात दाखवून दिला होता. मूल जागेपर्यंत पोहोचत नसेल तर दोष मुलात शोधायचा नाही, जागा बदलायची.

आपल्या कॉलनीतला ओपन स्पेस

स्वातंत्र्यानंतर मोठ्या शहरांत मुलांसाठी म्हणून बागा झाल्या. मुंबईत मलबार हिलवर १९५२ साली कमला नेहरू पार्क झालं, त्यातला म्हातारीचा बूट आपल्यापैकी कितीतरी जणींनी सहलीत पाहिलाय. पुण्यात पेशवे पार्कमध्ये १९५६ साली फुलराणी धावू लागली. आपल्याकडे सिद्धार्थ उद्यान म्हणजे प्रत्येक मुलाची पहिली सहल. १९७०च्या दशकात सिडकोने नवं शहर आखलं, एन-एक, एन-दोन असे भाग पाडले आणि वस्त्यांमध्ये बागांसाठी जागा सोडल्या. कॅनॉट गार्डनसारख्या जागा त्यातूनच मिळाल्या.

मैदान नुसतं इच्छेने होत नाही, ते कागदावर आधी व्हावं लागतं. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्यानुसार शहराच्या विकास आराखड्यात शाळा, बाग, क्रीडांगण यांची आरक्षणं पडतात. आरक्षण पडलं तरी दहा वर्षांत महापालिकेने जागा ताब्यात घेतली नाही, तर जागेचा मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही जागा घेतली गेली नाही तर आरक्षण रद्द होतं. मुलांची जागा अशी गाजावाजा न होता निघून जाते.

दुसरी जागा म्हणजे आपला ओळखीचा ओपन स्पेस. प्लॉट पाडताना लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. आपल्या शहरात "ओपन स्पेससमोरचं घर" असा पत्ताही सांगतात. त्या ओपन स्पेसचं पुढे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आधी एक ओटा होतो, मग त्यावर पत्रे, मग सभामंडप. कुठे समाजमंदिर, कुठे पाण्याची टाकी, कुठे लग्नाचा मांडव, उरलेल्या जागेत गाड्या. गुंठेवारीतल्या वस्त्यांमध्ये तर ओपन स्पेस कागदावरही सुटलेला नसतो. तिथल्या मुलाला खेळायला रस्ताच असतो, आणि आता त्या रस्त्यावर गाड्या आहेत.

यात कोणत्याही एका समाजाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण दानशूर म्हणून ज्या समाजाचं नाव घेतलं जातं, त्यातल्या बायकांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. धर्मशाळा, गोशाळा, पांजरापोळ, पाठशाळा, दवाखाना, भोजनशाळा यांना आपण सढळ हाताने देतो. मुलांच्या मैदानासाठी बोली लागलेली मी तरी ऐकलेली नाही. जळगावात भवरलालजी जैन यांच्या नावाने ओळखलं जाणारं भाऊंचे उद्यान आहे. म्हणजे हा विचार आपल्याला अगदीच परका नाही.

उंबऱ्याशी बसलेलं मूल

आता त्या उंबऱ्याशी बसवून ठेवलेल्या मुलाकडे वळते.

आमच्या संघातल्या एका काकूंची नात सेरेब्रल पाल्सीची आहे. बुद्धीने तल्लख, सहा वर्षांची, पण पाय साथ देत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत काकू तिला घराजवळच्या बागेत घेऊन गेल्या. गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटकात आडवेतिडवे पाईप लावलेले होते, त्यामुळे व्हीलचेअर बाहेरच राहिली. काकूंनी तिला कडेवर उचलून आत नेलं. झोपाळ्याच्या फळीला पाठ नव्हती, त्यामुळे बसवता आलं नाही. घसरगुंडीला शिडी होती. शेवटी दोघी बाकावर बसल्या. एक छोटा मुलगा कुतूहलाने जवळ आला, तर त्याच्या आईने त्याला हाताला धरून मागे ओढलं. आणि बाकावरच्या दुसऱ्या बाईंनी, अगदी मायेने, काकूंना म्हटलं, "काय करणार, मागच्या भवाचं असतं."

काकू मला म्हणाल्या, "पाईप सहन झाले गं, ते वाक्य नाही झालं."

कर्मसिद्धांत आपण बालपणापासून शिकतो. पण तो स्वतःच्या आत्म्याकडे बघण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकराचा हिशेब मांडण्यासाठी तो आपल्या हातात दिलेला नाही. दुसऱ्याकडे बघताना भगवंतांनी आपल्याला अनुकंपा दिली आहे. जीवांनी एकमेकांना आधार व्हायचं, हे तत्त्वार्थसूत्रातलं सूत्र आपण घरोघरी भिंतीवर लावतो, लग्नपत्रिकेवर छापतो. ते बागेच्या फाटकापाशी विसरायचं कसं?

आपल्या समाजाने हे कधी केलंच नाही, असंही नाही. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या सुमारास, १९७५ साली, जयपुरात डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली. जयपूर फूट नावाचा कृत्रिम पाय त्या समितीने लाखो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवला. जात-धर्म न विचारता. पाय देता येतो, तर त्या पायाने खेळायला जागाही देता येते.

जगातही या मुलांसाठी मैदान मागणारी एक बाईच होती. लेडी अॅलन ऑफ हर्टवुड या ब्रिटिश उद्यानरचनाकार. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या एमड्रुप इथे १९४३ साली टाकाऊ लाकडं आणि विटांचं मैदान झालं होतं, मुलं तिथे स्वतःच घरं बांधत. ते पाहून त्यांनी इंग्लंडात अशा मैदानांची चळवळ उभी केली. १९७० साली, सत्तरीच्या पुढे वय असताना, लंडनमधल्या चेल्सीत त्यांनी अपंग मुलांसाठी खास असं मैदान सुरू केलं. ही मुलं पडतील, त्यांना लागेल, म्हणून त्यांना खेळू न देणं हाच मोठा अन्याय, असा त्यांचा आग्रह होता.

कायद्याची वाटचालही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत एकतिसावं कलम मुलांच्या विश्रांतीच्या आणि खेळण्याच्या हक्काचं आहे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्याकडच्या १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले, त्यात सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता हेही आहेत. सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येईल अशी करणं ही आता कुणाची मेहरबानी राहिलेली नाही, कायद्याने सांगितलेलं काम आहे.

बंगळुरूत किलिकिली ही संस्था दिव्यांग मुलांच्या पालकांनीच सुरू केली. महापालिकेला सोबत घेऊन कोल्स पार्कसारख्या नेहमीच्या बागांमध्येच त्यांनी सगळ्या मुलांना खेळता येईल असे भाग करून घेतले. वेगळी, दूरची बाग मागितली नाही. आपल्या राज्यात नागपुरात अनुभूती या सर्वसमावेशक उद्यानाची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. सुमारे ९० हजार चौरस फुटांची जागा, बारा कोटींचा खर्च, एकवीसही प्रकारच्या दिव्यांगांचा विचार, स्पर्श आणि गंध यांची बाग, पाण्यातल्या उपचाराची सोय, असा तो बेत आहे.

पंच्याण्णव सेंटिमीटरवरून

लहान बाळांसाठीही एक चांगला विचार गेल्या काही वर्षांत आला. नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनने २०१६ मध्ये अर्बन ९५ नावाचा उपक्रम सुरू केला. ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची साधारण उंची. तेवढ्या उंचीवरून शहर कसं दिसतं, ते बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुणे महापालिकेनेही या उपक्रमात भाग घेतला. २०२० मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वस्त्या सुधारण्याची स्पर्धा घेतली, त्यात पहिल्या टप्प्यात निवडलेल्या पंचवीस शहरांत नागपूर होतं.

आपणही हे करून बघू शकतो. घराजवळच्या बागेत जाऊन एकदा खाली, मुलाच्या उंचीला बसा. गाड्यांचे धुराडे तोंडासमोर येतात. बाकाची कडा कपाळाच्या उंचीला येते. नळ हाताला लागत नाही. मोठ्यांच्या ओपन जिमचं लोखंड चारी बाजूंनी हलत असतं. मग आपली बाग कुणासाठी केलीय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

बागेत गेल्यावर काय काय बघायचं, ते मी थोडक्यात सांगते. फाटकातून व्हीलचेअर आणि बाबागाडी जाते का? त्यासाठी निदान ९० सेंटिमीटरची मोकळी वाट लागते. पायऱ्यांच्या शेजारी उतार आहे का, आणि तो एकास बाराच्या प्रमाणात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब, असा आहे का? त्याहून उभा उतार म्हणजे आजीबाईंचे हात भरून येणार. खेळण्यापर्यंत सपाट, पक्की वाट आहे का? जाड खडी टाकली की चाक तिथेच रुततं. पाठीला आणि कमरेला आधार देणारा निदान एक झोपाळा आहे का? लहान बाळांचा कोपरा मोठ्या मुलांच्या धावपळीपासून बसक्या कठड्याने वेगळा केलाय का? गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी एखादी शांत जागा आहे का? सावली, पिण्याचं पाणी, आणि आईला वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का? आईला सोय नसेल तर बाळ बागेत वीस मिनिटांपलीकडे राहत नाही.

यातलं बरंचसं फार खर्चाचं नाही. पाईप काढून रुंद फाटक, एक सिमेंटचा उतार, एक आधाराचा झोपाळा, उंचावरचा वाळूचा हौद. हौद उंचावर असला की व्हीलचेअर त्याच्याखाली सरकते आणि दोन्ही मुलं एकाच वाळूत हात घालतात. बोस्टनचा तो ढीग थोडा वर उचलायचा, एवढंच.

आपल्या घरांची एक अडचणही बोलायला हवी. बाग भरते संध्याकाळी आणि आपला चौविहार सूर्यास्ताला. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा स्वयंपाक आटोपून सुनेला बागेत जायला वेळच उरत नाही. जूनमध्ये सात वाजेपर्यंत उजेड असतो, पण पाऊस आणि चातुर्मास सुरू झाले की हिरवळीवर पाय ठेवायला मन घेत नाही. यावर उपाय सकाळी आहे. सकाळचं सामायिक झालं की आठ-साडेआठला बाग रिकामी असते, ऊन कोवळं असतं, आणि अजून शाळेत न जाणारी बाळं तेव्हाच ताजी असतात. पावसाळ्यात हिरवळ सोडून पक्क्या वाटेवर खेळवता येतं. जीव पाहून पाऊल टाकायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे, तीच बाळालाही तिथे लावता येते. "बघ, मुंगी आहे, तिला जाऊ दे" हे पाठशाळेत शिकवण्याआधी वाळूच्या हौदापाशीच शिकवून होतं.

स्थविरांना दिलेलं उत्तर

अतिमुक्ताची दुसरी कथा भगवती सूत्रात आहे. दीक्षा घेतल्यानंतर एकदा पाऊस पडून गेल्यावर या बालमुनीने वाहत्या पाण्याला मातीची पाळ घातली, त्यात आपलं पात्र सोडलं आणि ती आपली नाव आहे असं म्हणत खेळू लागला. स्थविर मुनींनी ते पाहिलं. साधूने असं पाण्याशी खेळावं? त्यांनी भगवंतांना विचारलं की हा किती भवांनंतर मोक्षाला जाईल. भगवंत म्हणाले, याच भवात. आणि स्थविरांना सांगितलं की त्याची अवहेलना करू नका, त्याला तुच्छ लेखू नका, न कंटाळता त्याची सेवा करा.

ही कथा बहुतेक वेळा मुलाच्या पश्चात्तापासाठी आणि केवलज्ञानासाठी सांगितली जाते. पण भगवंतांची समज मोठ्यांना होती. स्थविरांनी पुढचा हिशेब विचारला, भगवंतांनी त्यांना आजचं काम दिलं. बागेतल्या बाकावर बसून दुसऱ्याच्या लेकराच्या मागच्या भवाबद्दल बोलणाऱ्या आपल्यालाही तेच उत्तर आहे.

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. आपल्या वॉर्डातलं क्रीडांगणाचं आरक्षण टिकावं, असा अर्ज कुणीही करू शकते, त्याला वकील लागत नाही. कॉलनीच्या ओपन स्पेसवर काही बांधायचं ठरत असेल तर त्या बैठकीला आपण जायचं, फक्त नाश्त्याची व्यवस्था बघायला नव्हे, बोलायला. आणि आपल्या संघाच्या भवनाचं आवार बहुतेक दिवस कुलूपबंद असतं. आठवड्यातून दोन सकाळी ते उघडं ठेवून, एक उतार करून, एक वाळूचा हौद ठेवायला किती लागेल? तपाच्या पारण्याला, वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ आपण जे देतो, त्यातलं एखादं दान तिकडे वळलं तरी पुरे.

काकूंच्या नातीला आता सातवं लागेल. तिच्या घराजवळच्या त्या बागेतले पाईप काढून रुंद फाटक बसवावं, असा अर्ज आम्ही पाच जणींनी वॉर्ड कार्यालयात दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. तुमच्या घराजवळच्या बागेला कसलं फाटक आहे, ते या आठवड्यात बघून या आणि मला कळवा. अर्जाचा मजकूर मी पाठवीन.